समरी निकाल नाकारला तर अपील कुठे? सीमाभागातल्या व्यापाऱ्यांनी दाव्याआधीच समजून घ्यावं असं उत्तर

बेळगाव / निपाणी : सीमाभागातला धंदा राज्याची हद्द बघून होत नाही. निपाणीची तंबाखू, संकेश्वरची मिरची, बेळगावच्या फौंड्रीतलं कास्टिंग, इचलकरंजीचं कापड, कोल्हापूरचा गूळ, हा माल रोज इकडून तिकडे जातो-येतो. त्यातला बराच उधारीवर. बिल होतं, माल उतरतो आणि पैसे पुढच्या महिन्याच्या बोलीवर राहतात. बोली मोडली की प्रकरण वकिलाच्या टेबलावर जातं.

समजा, निपाणीच्या एका व्यापाऱ्याचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खरेदीदाराकडे २२ लाख रुपये अडकले आहेत. बिलं आहेत, माल पोचल्याच्या सह्या आहेत, ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असे मोबाईलवरचे मेसेजही आहेत. माल निपाणीतच ताब्यात दिला, पैसेही तिथंच मिळायचे होते, म्हणून तो बेळगाव जिल्ह्यातल्या व्यापारी न्यायालयात दावा लावतो. सोबत अर्ज देतो : समोरच्याकडे बचावच नाही, साक्षी-पुराव्यात वर्षं न घालवता निकाल द्यावा. खरेदीदार उत्तर देतो, माल निकृष्ट होता. न्यायालय म्हणतं, हे साक्षी घेतल्याशिवाय ठरणार नाही. अर्ज फेटाळला जातो.

कोर्टाच्या आवारात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मग वर अपील करू या का?’

बहुतेकांना न आवडणारं उत्तर असं की, या आदेशावर साधं अपील नाहीच. परवानगी मागून करायचं अपीलही या कायद्यात नाही. जे काही आहे ते संविधानाच्या दोन अनुच्छेदांतून जातं, आणि ती वाट अरुंद आहे. हे दावा लावण्याआधी माहीत असलं तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

जवळच्या वाटा दोन

दिवाणी दाव्यात लवकर निकालाच्या दोन वाटा आहेत. पहिली जुनी, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३७, म्हणजे समरी सूट. हुंडी, वचनचिठ्ठी, लेखी करारातली ठरावीक रक्कम, हमीपत्र अशा कागदांवर आधारलेले दावे यात येतात. इथे प्रतिवादीला बचाव करण्याचा आपोआप हक्क नसतो. त्याला आधी न्यायालयाकडून बचावाची परवानगी घ्यावी लागते. वकील मंडळी तिला ‘लीव्ह टू डिफेंड’ म्हणतात. परवानगी नाकारली तर दावेदाराला लगेच हुकूमनामा मिळतो. परवानगी बिनशर्त मिळाली तर दावा नेहमीच्या रांगेत जातो.

दुसरी वाट नवी. २०१५ च्या व्यापारी न्यायालये कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी संहितेत ऑर्डर १३-अ घातली. तिला समरी जजमेंट म्हणतात. समोरच्याला यशाची खरी शक्यता नाही आणि तोंडी पुरावा घेण्याइतकं दुसरं सबळ कारणही नाही, असं दिसलं तर न्यायालय साक्षी न घेता निकाल देऊ शकतं. समन्स बजावल्यानंतर आणि मुद्दे निश्चित होण्याआधी हा अर्ज करायचा असतो. दावेदार करू शकतो, तसा प्रतिवादीही करू शकतो. मात्र दावा मुळात ऑर्डर ३७ खाली लावलेला असेल तर त्यात १३-अ चा अर्ज चालत नाही. दोनपैकी एक वाट आधीच निवडावी लागते.

हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांचा आहे, असा गैरसमज बाजारपेठेत अजून आहे. सुरुवातीला मर्यादा १ कोटीची होती, ते खरं. पण २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली. म्हणजे निपाणीतल्या मध्यम व्यापाऱ्याचा वाददेखील आता त्यात बसतो.

अपिलाचा दरवाजा का बंद

व्यापारी न्यायालये कायद्याच्या कलम १३ मध्ये अपिलाची तरतूद आहे, मुदत ६० दिवसांची. पण त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाप्रमाणे अंतरिम आदेशांपैकी ऑर्डर ४३ च्या यादीत नाव असलेले आदेश आणि लवाद कायद्याच्या कलम ३७ मधले आदेश, एवढ्यांवरच अपील चालतं. समरी निकालाचा अर्ज फेटाळल्याचा आदेश ऑर्डर ४३ च्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या कांडला एक्स्पोर्ट कॉर्पोरेशन प्रकरणात या परंतुकाचा अर्थ काटेकोरपणे लावला. यादीबाहेरच्या आदेशाला या कलमाखाली अपील नाही.

मग पुनर्निरीक्षण, म्हणजे रिव्हिजन? ते कलम ८ ने बंद केलंय. व्यापारी न्यायालयाच्या अंतरिम आदेशाविरुद्ध रिव्हिजन घ्यायचं नाही, जी काय तक्रार असेल ती अंतिम हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात मांडायची, असं ते कलम सांगतं.

यातली विषमता लक्षात घेण्यासारखी आहे. समरी निकाल मिळाला तर तो हुकूमनामा होतो, आणि हरलेल्या खरेदीदाराला अपील आहे. निकाल नाकारला तर व्यापाऱ्याला अपील नाही. बाजारपेठेत हे अन्यायकारक वाटतं : ‘देणेकऱ्याला हक्क, घेणेकऱ्याला नाही?’

कायद्याचा हिशेब वेगळा आहे. ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्याचा दावा तिथंच संपतो, त्याला दुसरी संधी उरत नाही. ज्याचा अर्ज फेटाळला त्याचा दावा जिवंत असतो, साक्षी झाल्यावर तो जिंकू शकतो. मधल्या प्रत्येक आदेशावर अपील ठेवलं तर लवकर निकालासाठी केलेल्या कायद्यानेच दावे वर्षानुवर्षं रेंगाळतील. हे पटण्याजोगं आहे. पण या हिशेबात एक खर्च धरलेला नाही. दावा चालू असतो तेवढा काळ व्यापाऱ्याचं खेळतं भांडवल अडकलेलं असतं आणि त्याच्या कॅश क्रेडिटवर बँकेचं व्याज चढत असतं. दावा जिंकलाच तर न्यायालय व्याज देतं, पण दरम्यान बंद पडलेला धंदा त्यातून उभा राहत नाही.

संविधानातून जाणारी वाट

कायद्याने अपील बंद केलं तरी संविधानाने दिलेला अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाला आपल्या हद्दीतल्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार आहे. दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाला रिट म्हणून अनुच्छेद २२६ खाली आव्हान देता येत नाही, मार्ग २२७ चाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथ प्रकरणात स्पष्ट केलं.

पण २२७ म्हणजे अपील नव्हे. खालच्या न्यायालयाने अधिकारच ओलांडला, असलेला अधिकार वापरलाच नाही, उघड दिसणारी गंभीर चूक केली, अशा वेळी उच्च न्यायालय हात घालतं. ‘पुरावा बघून मी असता तर वेगळा निष्कर्ष काढला असता’ एवढं कारण पुरत नाही. आणि समरी निकालाचा अर्ज फेटाळताना न्यायाधीशांनी ‘वाद खरा दिसतो, साक्षी हव्यात’ अशी कारणं लिहिली असतील तर तिथे अधिकाराची चूक दाखवणं फार अवघड जातं. कारणंच लिहिली नसतील, किंवा दाखल कागदाकडे बघितलंच नसेल, तर गोष्ट वेगळी.

त्यापुढचा टप्पा म्हणजे अनुच्छेद १३६, सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अनुमती याचिका. खऱ्या अर्थाने ‘अपिलाची परवानगी मागणे’ आपल्याकडे इथेच आहे. ही परवानगी हक्काची नाही, न्यायालयाच्या मर्जीची आहे.

मुंबईतलं ४१८ कोटींचं प्रकरण

तरीही अशी परवानगी मिळाल्याचं एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. आयडीबीआय ट्रस्टीशिप सर्व्हिसेस विरुद्ध हबटाऊन. परदेशी गुंतवणुकीच्या एका व्यवहारात कर्जरोख्यांसाठी हबटाऊनने हमी दिली होती. रोख्यांचे पैसे थकल्यावर विश्वस्त कंपनीने हमीच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयात समरी सूट लावला. हबटाऊनचा बचाव असा की, व्यवहाराची रचनाच परकीय चलनाच्या नियमांविरुद्ध आहे, त्यामुळे हमी वसूल करता येत नाही. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी हा मुद्दा चालवण्याजोगा मानून बिनशर्त बचावाची परवानगी दिली. म्हणजे दावेदाराला लगेच निकाल नाकारला गेला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने १५ नोव्हेंबर २०१६ रोजी निकाल दिला. बचावाला भक्कम म्हणता येणार नाही, असं मत न्यायालयाने नोंदवलं. पण हुकूमनामा दिला नाही. बचाव करायचा असेल तर ४१८ कोटींची मुद्दल तीन महिन्यांत न्यायालयात भरा, नाहीतर तेवढ्या रकमेचं तारण द्या, अशी अट घातली.

या निकालात बचावाच्या पायऱ्या लावून दिल्या आहेत आणि त्या आजही समरी सूटमध्ये वापरल्या जातात. बचाव भक्कम असेल तर बिनशर्त परवानगी. बचाव रास्त असेल, मुद्दा चालवण्याजोगा असेल, तरी साधारणपणे बिनशर्तच. मुद्दा आहे पण प्रतिवादीच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आहे, तर अटी. बचाव शक्य कोटीतला पण पटण्यासारखा नाही, तर जास्त कडक अटी, अगदी सगळी मुद्दल व्याजासह भरण्यापर्यंत. बचावात काहीच नसेल तर परवानगी नाही. आणि जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी आधी भरायचीच.

निपाणीच्या व्यापाऱ्यासाठी या प्रकरणात दोन गोष्टी आहेत. एक, देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही दावेदाराला तिथं ‘निकाल’ मिळाला नाही, ‘अट’ मिळाली. दोन, ती अट पहिल्याच न्यायालयातही मागता आली असती. २२ लाखांच्या दाव्यासाठी दिल्लीची वारी परवडत नाही, पण अट मागायला दिल्लीला जावं लागत नाही.

चाळणी आणली, परवानगीची पायरी नाही

ऑर्डर १३-अ ची भाषा इंग्लंडच्या दिवाणी नियमांशी मिळतीजुळती आहे. ‘यशाची खरी शक्यता’ ही कसोटी तिथलीच. विधी आयोगाच्या जानेवारी २०१५ च्या २५३ व्या अहवालानंतर ती आपल्या कायद्यात आली. इंग्लंडमध्ये मात्र समरी निकाल नाकारल्यावर हरलेला पक्ष अपिलाची परवानगी मागू शकतो. साधारणपणे आधी त्याच न्यायाधीशाकडे, तिथं नाही मिळाली तर वरच्या न्यायालयाकडे. अपिलाला यशाची खरी शक्यता आहे किंवा ऐकण्याजोगं दुसरं सबळ कारण आहे, एवढं दाखवावं लागतं. परवानगी मिळाली तरच अपील उभं राहतं.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत चित्र आपल्या जवळचं आहे. नकाराच्या आदेशावर सहसा मध्येच अपील होत नाही.

आपण इंग्लंडची चाळणी घेतली, पण तिच्यासोबतची परवानगीची पायरी घेतली नाही. त्यामुळे काही जाणकार म्हणतील की कायद्यात दुरुस्ती करून ही पायरी घालावी. सीमाभागाचा अनुभव पाहिला तर हा उपाय धोक्याचा वाटतो. परवानगीचा अर्ज म्हणजे आणखी एक फाईल, आणखी एक नोटीस, आणखी तारखा. ज्याच्याकडे पैसा अडकलेला असतो त्याला या तारखा हव्याच असतात. दावेदाराला दिलेली पायरी उद्या प्रतिवादीही वापरणार, कारण १३-अ चा अर्ज दोघांनाही करता येतो.

साक्षी-पुराव्याआधीच्या लढाईत किती काळ जाऊ शकतो, हे सीमावासीयांना वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नावर अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा विषय संसदेचा आहे, दावाच चालू शकत नाही, ही कर्नाटकाची हरकत त्यात ठाण मांडून बसली. दोन राज्यांचा वाद आणि दोन व्यापाऱ्यांचा वाद यांची तुलना होत नाही, पण उंबरठ्यावरची भांडणं किती लांबतात हे त्यातून दिसतं.

धारवाड की कोल्हापूर?

२२७ ची याचिका करायचीच ठरली तर कुठे, हा सीमाभागातला खास प्रश्न आहे. आदेश बेळगाव जिल्ह्यातल्या न्यायालयाचा असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. ते २००८ मध्ये फिरतं खंडपीठ म्हणून सुरू झालं आणि २०१३ मध्ये कायम झालं. आदेश कोल्हापूर जिल्ह्यातल्या न्यायालयाचा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच. ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले.

निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर. धारवाड त्याच्या तिपटीहून लांब. तरीही जवळचं म्हणून कोल्हापुरात जाता येत नाही. मूळ दावा कुठे लावला यावर सगळं ठरतं. दावा प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा वादाचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथे घडलं तिथे लावता येतो. आपल्या उदाहरणातल्या व्यापाऱ्याला बेळगाव जिल्हा आणि कोल्हापूर जिल्हा, दोन्हीकडे दावा लावता आला असता. ही निवड त्याने केली तेव्हाच पुढचं उच्च न्यायालयही ठरलं.

अनेक बिलांच्या तळाशी ‘सर्व वाद कोल्हापूर न्यायालयाच्या हद्दीत’ असं छापलेलं असतं, कोणी ते वाचत नाही. दोघांनी सही केलेल्या करारात अशी अट असेल तर तिला वजन असतं. ‘फक्त’ हा शब्द नसला तरी ती इतर न्यायालयांना वगळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस प्रकरणात सांगितलं. पण ज्या ठिकाणी वादाचा कसलाच भाग घडलेला नाही तिथलं न्यायालय अशा ओळीने निवडता येत नाही. आणि एकट्या विक्रेत्याने बिलावर छापलेली ओळ म्हणजे दोघांचा करार, असं गृहीत धरू नये.

भाषेचा मुद्दाही आहे. कर्नाटकातल्या न्यायालयात मराठीतली खातेवही, रोजकीर्द, पावत्या दाखल करायच्या तर भाषांतर जोडावं लागतं. समरी निकालाचा अर्ज कागदांवरच उभा असतो. ज्या मराठी मेसेजमध्ये देणं कबूल केलं आहे त्याचं भाषांतर अर्जासोबत नसेल तर बचाव पोकळ आहे हे न्यायालयाला दिसणार कसं?

नकारानंतरचं काम

आता त्या २२ लाखांच्या दाव्याकडे परत येऊ. अर्ज फेटाळल्यावर धारवाडला धावण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सशर्त आदेश. ऑर्डर १३-अ मध्येच तरतूद आहे की, बचाव टिकण्याची शक्यता आहे पण ते संभवत नाही, असं दिसलं तर न्यायालय सशर्त आदेश देऊ शकतं. रक्कम भरा, तारण द्या, जामीन द्या. ही मागणी मूळ अर्जातच पर्यायी म्हणून लिहायला हवी. अनेक अर्जांत फक्त ‘निकाल द्या’ एवढंच असतं. मग न्यायाधीशांसमोर हो किंवा नाही, दोनच पर्याय राहतात. पर्यायी मागणी होती आणि आदेशात तिचा विचारच झालेला नाही, तर २२७ च्या याचिकेला थोडा आधार मिळतो.

दुसरी, कबुली. खरेदीदाराने कैफियतीत १० लाख मान्य केले आणि बाकी नाकारले, तर ऑर्डर १२ नियम ६ खाली मान्य रकमेपुरता निकाल मागता येतो.

तिसरी, वेळापत्रक. व्यापारी दाव्यात ऑर्डर १५-अ खाली साक्षी, उलटतपास, युक्तिवाद यांच्या तारखा ठरवून घेता येतात. कैफियत दाखल करायची कमाल मुदत समन्स मिळाल्यापासून १२० दिवस आहे, त्यानंतर हक्क संपतो. याचिकेवर जाणारी शक्ती दावा चालवण्यात लावली तर बऱ्याचदा निकाल लवकर हाती येतो.

चौथी, आपली वाट मुळात बरोबर होती का. तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये पक्कं झालं. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जाऊ शकतो. फौंड्रीसारखे उत्पादक, सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतील तर त्यांच्यासाठी एमएसएमई कायद्याची फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. खरेदीदार देशात कुठेही असो, पुरवठादाराच्या राज्यातल्या कौन्सिलकडे जाता येतं. उशिराच्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. आणि कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान देताना खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. उद्यम नोंदणी मात्र व्यवहाराआधीची असावी. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीचं हे संरक्षण त्यांना नाही. त्यामुळे निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला व्यापारी न्यायालयाचीच वाट धरावी लागते.

त्या वाटेवर कागदाला पर्याय नाही. नियमितपणे ठेवलेली खातेवही पुरावा म्हणून चालते, पण केवळ तिच्यावर कोणाच्या माथी देणं मारता येत नाही. हा जुना नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्येही कायम आहे. म्हणून माल उतरताना दर्जा तपासल्याची सही आणि दरवर्षी ३१ मार्चला बाकी मान्य असल्याचं खरेदीदाराच्या सहीचं पत्र, हे दोन कागद महत्त्वाचे. पहिल्यामुळे ‘माल निकृष्ट होता’ हा बचाव लंगडा होतो. दुसरं पत्र तीन वर्षांची मुदत संपण्याआधी घेतलेलं असेल तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते.

अपिलाचा नवा दरवाजा उघडावा की नाही, ही चर्चा कायदेपंडितांमध्ये होत राहील. सशर्त आदेशाची तरतूद मात्र कायद्यात आजच आहे, त्यासाठी दुरुस्ती लागत नाही. बेळगाव असो की कोल्हापूर, वकिलांनी ती अर्जात मागितली आणि न्यायालयांनी ती मोकळेपणाने वापरली, तर ‘माल खराब होता’ असं नुसतं लिहून दोन-चार वर्षं काढणाऱ्या देणेकऱ्याला आधी रक्कम भरून मग भांडावं लागेल. उधारीवर चाललेल्या या बाजारपेठेला धारवाडच्या फेऱ्यांपेक्षा त्याचीच गरज जास्त आहे.